दीड दिवसाची राजधानी

प्रवासास निघालेल्या मनुष्याला मुक्कामाचे ठिकाण जितके प्रिय, तितकेच वाटेतले थांबे अप्रिय असतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पुढची गाडी सकाळी आहे, मोटार मिळत नाही, म्हणून परक्या गावी रात्र काढावी लागली की वडील माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात, मुले कंटाळतात आणि डब्यातल्या दशम्या भूक नसताना संपतात. परंतु गेल्या पौषात आम्हांस असा एक थांबा घडला की, ज्या यात्रेसाठी आम्ही निघालो होतो तिच्याइतकाच, किंबहुना घरातील एका व्यक्तीपुरता तिच्याहूनही अधिक, तो लक्षात राहिला. त्या दीड दिवसाची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

आम्हां सोलापूरकरांना राजधान्यांची वाण नाही. दक्षिणेस शंभर किलोमीटरवर विजापूर. तेथील आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही आमच्या किल्ल्यासाठी पिढ्यान् पिढ्या भांडत राहिल्या. पश्चिमेस साडेचारशे किलोमीटरवर मुंबई; ती आजची आमची राजधानी. आणि पूर्वेस सुमारे तीनशे किलोमीटरवर हैदराबाद. ती जवळची खरी, पण आमची नव्हे. या तिन्हींत फरक असा की विजापुरास आपण इतिहास पाहावयास जातो, मुंबईस काखेत कागदपत्रे मारून जातो, आणि हैदराबादेस बहुधा जातच नाही. तिच्यावरून पुढे जातो. मुंबईची आठवण काढली की आमच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही. कचेऱ्यांचे जिने, रुग्णालयांची बाके आणि ‘साहेब जेवायला गेले आहेत’ हे वाक्य येते. ज्याचे राजधानीकडे काही मागणे असते त्याला राजधानी दिसत नाही. त्याला आपले काम दिसते. तेव्हा राजधानीचा आनंद घ्यावयाचा तर ती दुसऱ्याची असावी आणि आपण तेथे रिकामे असावे, असे आम्हांस वाटते.

तथापि हैदराबाद आम्हांस अगदीच परके आहे असेही म्हणता येणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी फेरफटका मारला तर मागांच्या खटखटाटाबरोबर तेलुगू बोलणे कानी पडते. तेलंगणातील करीमनगर, वारंगळ, नलगोंडा या भागांतून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी आमच्या गावाची चादर आणि टॉवेल देशभर पोहोचविले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या चार पिढ्या येथे झाल्या. ते आमच्याहून शुद्ध सोलापुरी बोलतात आणि घरी गेल्यावर आईशी तेलुगूत भांडतात. आमच्या शेजारची अर्धी पेठ ज्या मुलखातून आली, त्या मुलखाची राजधानी पाहावयाची राहून जावी, ही तशी चमत्कारिकच गोष्ट होती.

आमच्या घरी ती राहून जाण्यास निराळे कारण होते, आणि ते सांगितल्यावाचून पुढील मजकूर कळणार नाही. आमच्या मातोश्रींचा जन्म हैदराबादेचा. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, तेथे मराठी शाळेत शिक्षक होते आणि सुलतान बाजाराच्या बाजूस एका वाड्यात बिऱ्हाड करून राहत असत. १९४८ साली संस्थानात रझाकारांचा सुळसुळाट झाला तेव्हा मातोश्री नऊ वर्षांच्या होत्या व त्यांचे थोरले बंधू, आमचे मामा, तेरा वर्षांचे. त्या आषाढात आजोबा मागे राहिले आणि आजीने दोन्ही मुलांना घेऊन सोलापूर गाठले. निजामाच्या राज्यातून सरहद्दीवरील गावांत निर्वासितांची जी रीघ लागली होती, तीत हे तीन जीव होते. निघतेवेळी आजीने मुलीच्या हातांतील लाखेच्या चकचकीत बांगड्या काढून कोनाड्यात ठेविल्या. वाटेत कोणाची नजर जाऊ नये, हा हेतू. ‘परत आल्यावर घाल,’ असे ती म्हणाली. परत जाणे झाले नाही.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबादेवर निघाले, ते मेजर जनरल चौधरी यांच्या आधिपत्याखाली आमच्याच सोलापुराहून, नळदुर्गच्या वाटेने. लष्करी गाड्यांची घरघर ऐकत घराच्या ओट्यावर बसल्याचे मातोश्रींना चांगले आठवते. पाचव्या दिवशी निजामाने युद्ध थांबविले. ती मुक्ती होती यात संशय नाही. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक गावी निरपराध मुसलमानांवरही घोर प्रसंग आले, हेही पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षी फिरून नोंदविले आहे. एका बाजूने भोगलेल्या दुःखाने दुसऱ्या बाजूचे दुःख खोटे ठरत नाही. आजोबा पुढे एकदाच जाऊन उरलेसुरले सामान घेऊन आले. मामांनी मात्र तेव्हापासून एक वाक्य धरून ठेविले आहे: “ज्या गावाने रात्री घर सोडावयास लाविले, त्या गावी मी दिवसाही पाऊल टाकणार नाही.” आज ते एक्याण्णव वर्षांचे आहेत. भावाचा शब्द म्हणून मातोश्रींनीही ते नाव घरात काढले नाही. घरी उर्दू गझल लागली की त्या मान डोलवीत. पण कोणी विचारले तर “कोठेतरी ऐकली होती,” एवढेच म्हणत.

यंदा निमित्त झाले ते श्रीशैल्याचे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकातील या योग्याने बालपणी मल्लय्याचा ध्यास घेऊन श्रीशैल्याची वाट धरली आणि तेथील मल्लिकार्जुनाच्या आज्ञेने परत येऊन आमच्या गावात अडुसष्ट लिंगे स्थापिली, अशी कथा आहे. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले, संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या, होम झाला, आणि मातोश्री म्हणाल्या, “सिद्धेश्वर लहानपणी गेले, मी म्हातारपणी जाते.” श्रीशैल्याची नेहमीची वाट हैदराबादेवरून. तेथून पुढे नल्लमलाच्या अरण्यातून जाणारा रस्ता वन्य प्राण्यांसाठी रात्री वाहनांना बंद असतो. दुपारी हैदराबादेस उतरून लगेच घाट गाठण्याची धावपळ त्यांच्या वयाला सोसणारी नव्हती, आणि आम्हां नऊजणांना पुरेल अशी मोटार तिसऱ्या दिवशी पहाटे मिळत होती. अशा रीतीने दीड दिवस रिकामा पडला. मामांना निरोप कळविला तेव्हा ते इतकेच म्हणाले, “यात्रेला जात आहात, यात्रा करा.” त्याचा अर्थ घरात सर्वांना कळला.

सकाळी गाडी सोलापुराहून हलली. गार वारा, शेतांतून ज्वारीची कणसे, आणि कोवळ्या हुरड्याच्या गोष्टी. गाणगापूर रोड येताच दस्तुरीप्रमाणे डब्यातील निम्म्या लोकांनी हात जोडले. आम्हीही दत्तगुरूंचे स्मरण केले. मातोश्रींनी हात जोडले ते बराच वेळ सोडले नाहीत. १९४८ च्या मे महिन्यात याच स्थानकावर रझाकारांनी आगगाडीवर हल्ला केला होता, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी हे कुटुंब उलट दिशेने येथून गेले होते. “गाडी थांबली तेव्हा आईने माझ्या तोंडावर हात ठेवला होता,” त्या म्हणाल्या. “मी रडत नव्हते, तरी ठेवला होता.” सत्त्याहत्तर वर्षांत ही गोष्ट आम्ही प्रथमच ऐकली. पुढे वाडी जंक्शन आले. येथून हैदराबादेकडे फुटणारा लोहमार्ग १८७४ साली निजामाच्या राज्यात सुरू झाला. मग तांडूरच्या फरशीच्या खाणी, विकाराबादची झाडी, आणि पाट्यांवरील कानडी अक्षरे हळूहळू तेलुगू होत गेली. नातवंडांनी मोबाइलवर प्रेक्षणीय स्थळांची तीस नावांची यादी केली होती. आमच्या धाकट्या बंधूंनी ती वाचून दाखविली व शेवटी मातोश्रींना विचारले, “आई, तुला काय पाहावयाचे?” त्या म्हणाल्या, “चिंच.”

नामपल्लीस उतरून बिऱ्हाड लाविले, भात-आमटी जेवलो आणि तिसऱ्या प्रहरी चिंच पाहावयास निघालो. ही चिंच काही सामान्य नव्हे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे आणि घरे वाहून गेली. त्या दिवशी अफजलगंजच्या बाजूस नदीकाठच्या एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात उभे आहे. त्या पुरानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले आणि त्यांच्या योजनेतून उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे दोन जलाशय झाले. पूर अडला आणि शहराला पाणीही मिळाले. मातोश्रींच्या आजीने तो पूर डोळ्यांनी पाहिला होता, आणि मुले पावसात बाहेर गेली की ती त्यांना चिंचेची गोष्ट सांगून घरात घेत असे. त्यामुळे चारमिनार कोणत्या बाजूला आहे हे मातोश्रींना आठवत नव्हते, पण चिंच आठवत होती.

झाड म्हातारे झाले आहे. मातोश्री काठी टेकून त्याच्याकडे पाहत राहिल्या. शेजारी रुग्णांचे नातलग डबे सोडून जेवत बसले होते. एक वयस्क बाई सरकून म्हणाली, “बैठो अम्मा.” मातोश्री बसल्या, आणि आमच्या सर्वांच्या देखत त्या बाईशी दखनीत बोलू लागल्या. ती बोली आमच्या कानांना अर्धी ओळखीची होती, कारण तिच्यात ‘नक्को’ आहे तो आपला ‘नको’, आणि शब्दाला जोर देण्यासाठी लावतात तो ‘च’ही आपलाच. शेकडो वर्षे शेजारी राहिलेल्या दोन भाषांनी एकमेकींच्या घरून नेलेली ही विरजणे आहेत. आमची धाकटी सून पुण्याची; तिने आम्हांस हळूच विचारले, “आईंना हे येते?” आम्ही काय उत्तर देणार? आम्हीही त्यांना प्रथमच ऐकत होतो.

तेथून कोठीस गेलो. इंग्रज रेसिडेंटाचा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा खांबांचा प्रासाद तेथे आहे. पुढे तेथे स्त्रियांचे महाविद्यालय आले आणि आता महिला विद्यापीठ आहे. ज्या दरवाज्यातून एके काळी तोफांची सलामी घेणारे साहेब जात, त्यातून पाठीवर दप्तरे घेतलेल्या मुलींचा लोंढा बाहेर पडत होता. हे दृश्य आम्हांस राजवाड्याहून सुंदर वाटले. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांत मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव कोरटकर आदिकरून मंडळींनी येथे विवेकवर्धिनीची शाळा उभी केली. उर्दू ही राज्याची भाषा असताना, आणि पुढे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून द्यावयास आरंभ केला असताना, मराठी शाळा चालविणे सोपे नव्हते. ती संस्था आजही आहे. मराठी साहित्य परिषद आणि मराठी ग्रंथसंग्रहालयही आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी कशी टिकते याची चिंता आपण घरी बसून करतो. तेथील लोक ती चिंता करीत बसत नाहीत, वर्गणी गोळा करतात.

वाडा मात्र नव्हता. त्याच्या जागी कापडाची चार मजली पेढी आहे, आणि रस्त्यावर माथ्यावरून मेट्रोची गाडी जाते. आम्ही सर्व मातोश्रींच्या चेहऱ्याकडे चोरून पाहत होतो. काय होईल याची धास्ती होती. त्यांनी पेढीची पाटी वाचली, वरून जाणारी मेट्रो पाहिली, मग बोट दाखवून म्हणाल्या, “कोनाडा साधारण त्या साड्यांच्या घड्यांपाशी येतो.” एवढे बोलून त्या दुकानात शिरल्या आणि दोन्ही सुनांना एकेक नारायणपेठी घेऊन दिली. भाव मात्र अर्ध्यापासून सुरू केला.

रात्री नुमाइश. हैदराबादेचा हिवाळा म्हणजे नुमाइश, हे समीकरण पक्के आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली सार्वजनिक बागेत हे छोटेसे प्रदर्शन भरविले. १९४६ पासून ते नामपल्लीच्या मैदानावर भरते. दर वर्षी १ जानेवारीस सुरू होऊन दीडएक महिना चालते. काश्मिरी शाली, लखनौची चिकण, लाकडी खेळणी, चक्रपाळणे, गरम मिरची भजी, आणि सगळीकडे मफलर गुंडाळलेली कुटुंबेच्या कुटुंबे. गड्डा संपवून आलेल्या सोलापूरकराला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. एका गाळ्यावर तर ‘असली सोलापुरी चद्दर’ अशी पाटी होती. आमच्या बंधूंनी गंभीरपणे भाव विचारला. गाळेवाल्याने चादरीचे गुण वर्णिले, आणि आम्ही सोलापूरचे हे कळल्यावर कपाळावर हात मारून हसला. त्याचे आजोळ आमच्याच पूर्व भागातले निघाले. त्याने चहा मागविला. तीनशे किलोमीटर जाऊन आम्ही आपल्याच गावच्या माणसाचा चहा पिऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके विरण्यापूर्वी गोवळकोंडा गाठला. कुतुबशहांनी १५९१ साली चारमिनार उभारून हैदराबाद वसविण्याआधी त्यांची राजधानी ही. त्याच्या फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली एका ठरावीक जागी टाळी वाजविली की ती वर बालाहिसारापर्यंत ऐकू जाते. शत्रू आल्याची वर्दी पोचविण्याची ही युक्ती. मातोश्रींना पायऱ्या चढणे शक्य नव्हते. तेव्हा त्या खाली राहिल्या आणि मुले तीन-साडेतीनशे पायऱ्या चढून वर गेली. ठरल्या वेळी खालून शहाऐंशी वर्षांच्या हातांनी टाळी दिली. वरून मुलांच्या हाका आल्या नाहीत, इतक्या लांबून त्या येणारही नव्हत्या, पण काही वेळाने मुले धापा टाकीत उतरली ती ओरडतच: “पणजी, ऐकू आली!” त्यानंतर मातोश्रींनी तो प्रयोग तीनदा केला व दर वेळी कोणास तरी वर पिटाळले.

याच गडावर एक अंधारी कोठडी दाखवितात. सरकारी वसुलातून भद्राचलमचे राममंदिर बांधल्याबद्दल कंचर्ला गोपन्ना, म्हणजेच भक्त रामदास, यांना तीत कोंडले होते. ते कुतुबशाहीचे प्रधान मादण्णा व आकण्णा यांचे भाचे. आणि मादण्णाचे नाव निघाले की मराठी मनुष्याला १६७७ सालचा आणखी एक थांबा आठवल्यावाचून राहत नाही. दक्षिण दिग्विजयास निघालेले शिवाजी महाराज कर्नाटकात उतरण्यापूर्वी भागानगरास, म्हणजे याच शहरी, सुमारे महिनाभर राहिले. अबुल हसन कुतुबशहाने शहर शृंगारून त्यांचे स्वागत केले. मादण्णाच्या मध्यस्थीने तह झाला, पैसा आणि तोफखाना मिळाला, आणि मोहीम पुढे गेली. इतिहास वाचताना आपण जिंजी आणि वेलोर लक्षात ठेवितो. परंतु जिंजीची वाट त्या महिनाभराच्या मुक्कामात तयार झाली होती. दहा वर्षांनी, १६८७ त, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाने हाच गड घेतला आणि कुतुबशाही संपली. राजधान्या जिंकणारे आठवतात. राजधानीत पाहुणे म्हणून येऊन मित्र होऊन जाणारे थोडे.

दुपारी बाराच्या आत सालारजंग संग्रहालयात पोहोचणे भाग होते, कारण तेथील घड्याळ. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान यांनी जन्मभर जमविलेला हा संग्रह १९५१ साली लोकांना खुला झाला आणि १९६८ त मुसीकाठच्या सध्याच्या इमारतीत आला. संगमरवरी पदराआडून चेहरा दिसावा अशी बेंझोनीची रेबेका आहे, आणि एकाच लाकडात पुढून मेफिस्टोफेलीस व आरशात मार्गारेटा दिसावी अशी जुळी मूर्ती आहे. पण गर्दी असते ती घड्याळापुढे. दर तासाला एक दाढीवाला पुतळा दार उघडून बाहेर येतो, तासागणिक ठोके देतो व आत जातो. बारा वाजता ठोके अधिक, म्हणून माणसे अधिक. तीन-चारशे माणसे, निरनिराळ्या भाषांची व वेषांची, बारा ठोके संपेतो श्वास रोखून बसली होती. कोट्यवधींच्या वस्तू भोवती असताना माणसाला अखेर गंमत वाटते ती वेळेवर दार उघडणाऱ्या बाहुल्याची, याचे आम्हांस हसू आले आणि समाधानही वाटले.

यादीतील पंचवीस स्थळे राहिली होती. कोणाचीही तक्रार नव्हती. संध्याकाळी चारमिनारापाशी बसलो. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे आली. मातोश्रींनी सोवळ्याओवळ्याचा विचार घरी ठेविला होता, असे त्यांनीच जाहीर केले. मग लाड बाजार. दोन्ही हातांना दुकाने, आणि दुकानांत लाखेवर काचखडे बसविलेल्या बांगड्यांचा नुसता लखलखाट. मातोश्रींनी एक दुकान निवडले व लहान मापाच्या बांगड्या मागितल्या, नऊ वर्षांच्या मुलीच्या. आमच्या पुतणीची मुलगी नेमकी तेवढीच आहे. दुकानदार तरुण होता. जुनी दखनी बोलणारी ही म्हातारी कोण, याचे त्याला कुतूहल वाटले. अम्मा कोठून आल्या, आणि येथून केव्हा गेल्या, असे त्याने विचारले.

आता, हैदराबादी बोलीत ‘परसों’ या शब्दाची एक गंमत आहे. त्याचा अर्थ परवा खरा, पण तो गेल्या महिन्याला लागतो, दहा वर्षांमागच्या गोष्टीलाही लागतो. झाले गेले ते सारे परसों. मातोश्री बांगड्यांवरून नजर न काढता म्हणाल्या, “परसोंच गई थी, बाबा.” तो दुकानदार मोठ्याने हसला. त्याने एक जोडी फुकट दिली. मातोश्रींनी ती घेतली नाही. पैसे देऊनच घेतली. “ही उसनी होती,” एवढेच त्या मराठीत म्हणाल्या.

रात्री बिऱ्हाडी आल्यावर त्यांनी मामांना फोन लावण्यास सांगितले. आम्ही जरा कचरलो. वृद्ध माणसांना रात्री दुखवू नये, असे वाटले. पण फोन लागला आणि मातोश्री म्हणाल्या, “दादा, वाडा गेला. शाळा आहे.” पलीकडून काही नाही. बराच वेळ काही नाही. मग मामांचा आवाज आला, आम्हां सर्वांना ऐकू येण्याइतका: “चिंच आहे का ग?” “आहे,” मातोश्री म्हणाल्या. “थकली आहे. पण आहे.” त्यानंतर दोघे भाऊबहीण दखनीत बोलू लागले, आणि आम्ही दार लोटून बाहेर आलो. ते पाऊण तास काय बोलले ते आम्हांस ठाऊक नाही, व विचारण्याचे कारणही नाही.

श्रीशैल्याचे दर्शन उत्तम झाले. त्याविषयी समर्थ लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही नव्याने काय सांगावे? मामांनी आपले वाक्य मागे घेतले आहे, असेही नव्हे. ते अजून म्हणतात की आपण जाणार नाही. आणि एक्याण्णवाव्या वर्षी तो हट्ट धरण्याचा त्यांना अधिकार आहे. परंतु उस्मानिया बिस्किटांचा डबा त्यांनी परत केला नाही, आणि शाळेची मोबाइलवर काढलेली छबी मोठी करून मागितली आहे.

या अनुभवावरून आम्हांस जे सुचले ते थोडक्यात सांगतो. वाटेतील थांब्यात तीन गोष्टींहून अधिक पाहू नयेत. चौथीला पाय दुखतात आणि पहिली विसरते. घरातील सर्वांत वडील व्यक्तीला काय पाहावयाचे ते प्रथम विचारावे. ते यादीत नसण्याचाच संभव अधिक. आणि कोठे तरी एकदा नुसते बसावे, कारण गाव चालताना दिसते पण बसल्यावर बोलते. शहर म्हणजे त्याचे राज्यकर्ते नव्हेत, आणि त्याच्यावर आलेली वाईट वर्षेही नव्हेत. निजाम गेला, १९५६ साली त्याचे राज्य तीन भाषांत वाटले गेले, २०१४ पासून तेच शहर तेलंगणाची राजधानी आहे. चिंच तीच आहे, बांगड्या त्याच आहेत, आणि ‘बैठो अम्मा’ म्हणून सरकून जागा देणारी बाईही आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी यंदाही कोणत्या ना कोणत्या यात्रेचे बेत चालले असतील, आणि वाटेत कोणती तरी राजधानी लागणार असेल. शक्य असेल तर तेथे एक दिवस अधिक धरावा. आणि घरात असे कोणी असेल की जे त्या गावाचे नाव वर्षानुवर्षे घेत नाही, तर तो दिवस अवश्य धरावा, आणि मोटारीत पुढची जागा त्यांना द्यावी.